न्यायमूर्ती जॉर्ज विथ आणि न ऐकलेली साक्ष

अमेरिकेतील अनेक राज्यांत एक चांगली प्रथा आहे. तेथील अपील न्यायालये अधूनमधून आपली नेहमीची जागा सोडून एखाद्या कायदा-महाविद्यालयाच्या सभागृहात बैठक भरवितात. प्रकरण खरे असते, न्यायमूर्ती खरे असतात, दोन्ही बाजूंचे वकीलही खरेच असतात. आणि समोरच्या बाकांवर त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी बसलेले असतात. विद्यार्थ्यांनी बोलायचे नसते, फक्त ऐकायचे असते. एखादा मुद्दा वकील कसा उभा करतो, न्यायमूर्तींनी मध्येच प्रश्न टाकला की त्याची गाडी कशी अडते, आणि अडलेली गाडी तो पुन्हा वाटेवर कशी आणतो, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडत नाही. ते समोर बसून पाहावे लागते.

ही प्रथा वाचनात आली की मला एका माणसाची आठवण होते. कायद्याचा वर्ग आणि न्यायालयाचे सभागृह ह्यांच्यामधली भिंत अमेरिकेत प्रथम ज्यांनी काढून टाकली, ते म्हणजे व्हर्जिनियाचे जॉर्ज विथ. आपल्या विद्यार्थ्यांना थॉमस जेफरसन हे नाव ठाऊक असते. संविधानाचा पेपर असल्यामुळे न्यायमूर्ती जॉन मार्शल आणि 1803 चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा खटलाही पाठ असतो. परंतु ह्या दोघांना कायदा शिकवणारे गुरू एकच होते, हे फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखात त्या गुरूंचे चरित्र थोडक्यात सांगण्याचा विचार आहे. ते सांगण्याचे कारण केवळ गुरुमहिमा नव्हे. विथ ह्यांच्या मृत्यूने कायद्यापुढे जो प्रश्न टाकला, तो न्यायालयात जाऊन बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःला विचारावा असे मला वाटते.

जॉर्ज विथ ह्यांचा जन्म 1726 साली व्हर्जिनियातील चेस्टरव्हिल येथील शेतमळ्यावर झाला. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. मुलगा अगदी लहान असतानाच वडील वारले. आई मार्गारेट शिकलेली होती. त्या काळात स्त्रीला लॅटिन येणे ही दुर्मिळ गोष्ट. पण ह्या आईने मुलाला घरीच लॅटिन शिकवले आणि ग्रीकची गोडी लावली. पुढे ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांचा व्हर्जिनियातील सर्वांत मोठा जाणकार म्हणून विथ ओळखले गेले, त्याचे मूळ आईच्या मांडीवर होते.

कायद्याचे शिक्षण मात्र त्यांना तसे लाभले नाही. त्या काळी वसाहतीत कायद्याचे महाविद्यालय नव्हते. एखाद्या वकिलाच्या घरी राहायचे, त्याच्या दाव्यांच्या नकला करायच्या, फावल्या वेळात त्याची पुस्तके चाळायची, हाच अभ्यासक्रम. विथ हे स्टीफन ड्यूई ह्या आपल्या नातलगाकडे राहिले. तेथे नकला करण्यापलीकडे शिकणे बेताचेच झाले. 1746 साली त्यांना सनद मिळाली खरी. पण खरा अभ्यास त्यांनी त्यानंतर आपला आपणच केला. पुढे शिकवण्याची वेळ आली, तेव्हा शिष्याकडून केवळ कारकुनी करून घ्यायची नाही, हे त्यांनी कसोशीने पाळले.

1747 च्या अखेरीस त्यांचा ॲन लुईस ह्यांच्याशी विवाह झाला. वर्ष पुरे होण्याच्या आतच ती वारली. विथ विल्यम्सबर्ग ह्या राजधानीच्या गावी येऊन राहिले. काही वर्षांनी त्यांनी एलिझाबेथ टॅलियाफेरो ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांचे एकुलते एक मूल तान्हेपणीच गेले. घरी मूल नसलेल्या ह्या माणसाच्या घरात पुढे चाळीस वर्षे कोणा ना कोणाचा मुलगा शिकत राहिला.

वकील म्हणून विथ ह्यांची ख्याती वेगळ्याच कारणाने होती. त्यांचे वक्तृत्व पॅट्रिक हेन्रींसारखे पेटते नव्हते. ते सावकाश बोलत, आधारावर आधार रचत. पण पक्षकार खोटे बोलतो आहे अशी खात्री झाली की ते प्रकरण सोडून देत आणि घेतलेली फी परत करीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई.

1762 साली जेफरसन त्यांच्याकडे शिकायला आले, आणि पाच वर्षे राहिले. ह्या पाच वर्षांत वाचन अफाट झाले. पण त्याच्या जोडीला दुसरे एक शिक्षण होते. विल्यम्सबर्ग लहान गाव. एकाच कॅपिटॉल इमारतीत वसाहतीचे सर्वोच्च न्यायालय भरे आणि विधिमंडळही भरे. गुरू स्वतः तेथे वकील आणि सभासद. तेव्हा शिष्याला सकाळी जो मुद्दा पुस्तकात भेटला, तो दुपारी माणसांच्या तोंडून ऐकता येई. 1765 साली पॅट्रिक हेन्रींनी इंग्रजांच्या स्टॅम्प कायद्याविरुद्ध गाजलेले भाषण केले, तेव्हा तरुण जेफरसन सभागृहाच्या दाराशी उभे राहून ते ऐकत होते. गंमत अशी की हेन्रींचे ठराव फार जहाल आहेत म्हणून त्या दिवशी विथ हे विरुद्ध बाजूला होते. शिष्य दारात उभा राहून गुरूच्या विरोधकाचे भाषण तल्लीन होऊन ऐकतो आहे, आणि गुरूला त्यात काही वावगे वाटत नाही, ह्यातच विथ ह्यांची शिकवण्याची रीत दिसते.

पुढील दहा वर्षांत काळ बदलला आणि सौम्य प्रकृतीचे विथही स्वातंत्र्याच्या बाजूने ठाम उभे राहिले. 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींच्या ज्या सह्या आहेत, त्यांत सर्वांत वर विथ ह्यांची सही आहे. खाली शिष्य जेफरसन ह्यांची.

नव्या राज्याला नवे कायदे हवे होते. जुने इंग्रजी कायदे तपासून नवी संहिता तयार करण्याचे काम एका समितीवर सोपवले गेले, आणि ते अखेर तिघांनी तडीस नेले : जेफरसन, एडमंड पेंडलटन आणि विथ. 1779 साली ह्या समितीने 126 विधेयके सादर केली. धर्मस्वातंत्र्याचे प्रसिद्ध विधेयक त्यांतलेच. ह्याच 126 मध्ये गुलामांविषयीचेही एक विधेयक होते. त्याचा मसुदा जेफरसन ह्यांचा होता. त्यात एक जुनाच नियम पुन्हा लिहिला गेला : कृष्णवर्णीय किंवा मिश्र वंशाच्या माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध घेतली जाणार नाही. साक्ष देणारा गुलाम असो वा स्वतंत्र असो, नियम तोच. 1785 साली विधिमंडळाने ते विधेयक संमत केले. वाचकांनी हा नियम लक्षात ठेवावा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

1779 च्या डिसेंबरात विल्यम्सबर्गच्या विल्यम अँड मेरी कॉलेजात कायद्याचे अध्यासन निर्माण झाले. अमेरिकेतील हे पहिले. जेफरसन तेव्हा राज्याचे गव्हर्नर आणि कॉलेजच्या नियामक मंडळावर होते. त्यांनी आपल्या गुरूंना त्या जागी बसवले. विथ तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते आणि चॅन्सरी न्यायालयाचे, म्हणजे इक्विटीच्या न्यायालयाचे, न्यायाधीशही होते.

1780 साली राजधानी रिचमंडला हलली. विल्यम्सबर्गची कॅपिटॉल इमारत ओस पडली. न्यायासन होते, वकिलांच्या जागा होत्या, लोकांची बाके होती; न्यायालय मात्र निघून गेले होते. विथ ह्यांनी आपला वर्ग तेथे नेला. ज्या सभागृहात त्यांनी स्वतः वीस-पंचवीस वर्षे वकिली केली, तेथेच आता त्यांचे विद्यार्थी अभिरूप न्यायालय भरवू लागले. न्यायाधीशांच्या जागी विथ आणि कॉलेजचे इतर प्राध्यापक बसत. विद्यार्थी वादी-प्रतिवादींचे वकील होत. गावातील प्रतिष्ठित मंडळी ऐकायला येत. ज्याची पाळी नसे तो विद्यार्थी बाकावर बसून आपल्या सोबत्याची फजिती किंवा सरशी पाहत असे. शनिवारी तेथेच अभिरूप विधिमंडळ भरे. सुमारे चाळीस विद्यार्थी सभासद आणि सभापती स्वतः विथ. चर्चेला काल्पनिक विषय घेतले जात नसत. समितीने तयार केलेली ती नवी विधेयकेच तेथे कलमवार चर्चिली जात आणि मुले त्यांत बिनदिक्कत फेरफार सुचवीत. ज्या गुरूंनी कायद्याची संहिता रचली, त्यांच्याच समोर त्यांच्या संहितेची चिरफाड करायची, ही त्या वर्गाची शिस्त होती.

1780 च्या उन्हाळ्यात युद्धावरून सुटीवर आलेला एक पंचविशीचा लष्करी अधिकारी ह्या वर्गात येऊन बसला. तोच जॉन मार्शल. त्याचे कायद्याचे रीतसर शिक्षण म्हणजे जेमतेम तीन महिन्यांची ही व्याख्याने. त्याची त्या वेळची वही आजही उपलब्ध आहे. तीत कायद्याच्या टिपणांबरोबर जागोजागी पॉली ॲम्बलर ह्या तरुणीचे नाव गिरवलेले आहे. तीच पुढे त्याची पत्नी झाली. आमच्या विद्यार्थ्यांना ह्यावरून धीर येईल, पण त्यांनी एवढेही पाहावे की त्या वहीत टिपणेही भरपूर आहेत!

मार्शलनी पुढे ज्या तत्त्वाने नाव कमावले, ते तत्त्व त्यांच्या गुरूंनी आधीच मांडले होते. 1782 साली व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयापुढे कॅटन प्रकरण आले. देशद्रोहाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना विधिमंडळाच्या एका सभागृहाने माफी दिली होती. दुसऱ्या सभागृहाची संमती नव्हती. ही माफी चालेल काय, असा वाद. चॅन्सरीचे न्यायाधीश तेव्हा अपील न्यायालयातही बसत, म्हणून विथ त्या पीठावर होते. सरकारतर्फे ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ उभे होते. संविधानाने आखलेली मर्यादा विधिमंडळाने ओलांडली तर न्यायासनावरून तिला ती मर्यादा दाखवून देणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी भूमिका विथ ह्यांनी त्या प्रकरणात घेतली. मार्बरी खटल्याच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट.

1787 साली फिलाडेल्फियाच्या संविधान-परिषदेला ते प्रतिनिधी म्हणून गेले. पण पत्नीच्या आजारपणामुळे अर्ध्यातूनच परतले. त्याच वर्षी एलिझाबेथ वारल्या. त्यानंतर विथ ह्यांनी आपल्या ताब्यातील काही गुलामांना मुक्त केले. त्यांत स्वयंपाकघर सांभाळणारी लिडिया ब्रॉडनॅक्स होती. मुक्त झाल्यावरही ती पगारावर त्यांच्या घरी राहिली. विथ ह्यांनी आयुष्यातील साठ वर्षे गुलामांच्या श्रमावर चाललेल्या घरात काढली होती, हे विसरून चालणार नाही. पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते त्या व्यवस्थेपासून दूर सरकत गेले, हेही तितकेच खरे.

1788 च्या सुमारास न्यायालयांची फेररचना झाली. विथ हे चॅन्सरीचे एकमेव न्यायाधीश, म्हणजे चान्सलर झाले. अपील न्यायालय वेगळे झाले आणि त्याच्या प्रमुखपदी आले एडमंड पेंडलटन. वकिलीच्या दिवसांपासूनचे हे दोघे प्रतिस्पर्धी. आता स्थिती अशी की विथ ह्यांनी हुकूमनामा द्यावा आणि अपिलात पेंडलटननी तो फिरवावा. कनिष्ठ न्यायाधीशाने अशा वेळी काय करायचे? मुकाट्याने मान तुकवायची. विथ ह्यांनी हुकुमाची अंमलबजावणी केली, पण मुकाटपणे नव्हे. 1795 साली त्यांनी आपल्या निवाड्यांचे पुस्तक छापले. आपला निवाडा, अपील न्यायालयाने तो कसा फिरवला ती हकीकत, आणि त्यावर आपले सडेतोड उत्तर, असे सारे त्यात आहे. अपिलात हरलेला मुद्दा जनतेपुढे आणि पुढच्या पिढीच्या वकिलांपुढे ठेवण्याचा हा मार्ग होता.

त्यांचा उजवा हात संधिवाताने निकामी होत चालला होता, म्हणून लिहून घ्यायला एक पोरसवदा कारकून ठेवला होता. हेन्री क्ले हे त्याचे नाव. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसचा सभापती झाला. म्हातारे न्यायाधीश निवाडा सांगताना मध्येच ग्रीक वचन घालीत. क्लेला ग्रीकचा गंध नव्हता. बिचारा एकेक अक्षर चित्र काढावे तसे काढीत असे. पण चार वर्षे निवाडे लिहून घेता घेता तो कायदा शिकला. उजवा हात गेल्यावर विथ ह्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तोही उतारवयात.

1791 मध्ये ते रिचमंडला राहायला गेले होते. कॉलेजचे अध्यासन त्यांच्याच एका शिष्याकडे, सेंट जॉर्ज टकर ह्यांच्याकडे गेले. रिचमंडच्या घरात आता विथ, लिडिया आणि मायकेल ब्राऊन नावाचा एक मुलगा अशी माणसे होती. मायकेल स्वतंत्र होता, मिश्र वंशाचा होता. विथ त्याला स्वतः ग्रीक आणि लॅटिन शिकवीत. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा हा शेवटचा विद्यार्थी. मृत्युपत्रात त्यांनी लिडियाची आणि मायकेलची सोय लावली. मायकेलच्या शिक्षणाकडे राष्ट्राध्यक्ष जेफरसन ह्यांनी लक्ष द्यावे अशी इच्छा नोंदवली. उरलेल्या मिळकतीचा मुख्य वारस होता बहिणीचा नातू जॉर्ज विथ स्वीनी. मायकेल सज्ञान होण्यापूर्वी वारला तर त्याचा वाटाही स्वीनीला मिळणार होता.

हा स्वीनी त्याच घरात राहू लागला होता. त्याला जुगाराचा नाद होता. विथ ह्यांच्या खोट्या सह्या करून त्याने बँकेतून पैसे काढले होते. 1806 च्या मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी न्याहारीनंतर विथ, मायकेल आणि लिडिया तिघेही एकाएकी भयंकर आजारी पडले. कॉफीत सोमल घातला गेला असा संशय होता. त्या सकाळी स्वीनी स्वयंपाकघरात आला, कॉफीच्या भांड्याशी गेला आणि त्याने कागदाचा एक कपटा विस्तवात टाकला, हे लिडियाने पाहिले होते. 1 जून रोजी मायकेल वारला. विथ ह्यांनी मृत्युशय्येवर मृत्युपत्र बदलून स्वीनीला वगळले आणि 8 जून रोजी प्राण सोडला. लिडिया वाचली.

सप्टेंबरात खटला उभा राहिला. स्वीनीच्या बचावाला दोन नामांकित वकील होते : विल्यम वर्ट आणि कॅटन प्रकरणात विथ ह्यांच्यापुढे युक्तिवाद केलेले एडमंड रँडॉल्फ. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांना मृत्यू विषानेच झाला असे छातीठोकपणे सांगता आले नाही. अशा वेळी प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या जबानीला महत्त्व येते. प्रत्यक्ष पाहणारी होती. ती शुद्धीत होती, शहाणी होती, रिचमंडमध्येच होती. परंतु ती कृष्णवर्णीय होती आणि आरोपी गोरा होता. लिडियाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता आले नाही. विथ ह्यांच्या खुनाच्या आरोपातून स्वीनी सुटला. मायकेलच्या खुनाचा आरोप पुढे चालवलाच गेला नाही. खोट्या सह्यांबद्दल तो दोषी ठरला. पण ज्या कायद्याखाली दोषी ठरला तो बँकेला फसवण्याच्या गुन्ह्याला लागू होत नाही, असा कायद्याचा मुद्दा निघून तीही शिक्षा टिकली नाही.

ज्या नियमाने लिडियाचे तोंड बंद केले, तो 1785 च्या कायद्यातील नियम होता. त्या कायद्याचा मसुदा ज्या समितीकडून आला, तीत विथ स्वतः होते. तो नियम त्यांनी निर्माण केला नव्हता. तो त्यांच्या जन्माच्या आसपासच्या काळापासून चालत आलेला होता, आणि ते शब्दही त्यांच्या हातचे नव्हते. पण 126 विधेयकांच्या त्या गठ्ठ्यातून तो पुढे गेला, त्या वेळी त्यांनी त्याला अडवले नाही. पुढे त्यांच्याच मृत्यूचा जाब विचारताना तो आडवा आला.

ह्या कथेला आणखी एक पदर आहे, आणि अपिलाचा विचार करणाऱ्याला तो विशेष महत्त्वाचा वाटेल. मृत्यूपूर्वी विथ ह्यांच्यापुढे हजिन्स विरुद्ध राइट हे प्रकरण आले होते. जॅकी राइट आणि तिच्या कुटुंबातील स्त्रिया ह्यांना हजिन्स हा आपले गुलाम म्हणून राज्याबाहेर नेऊ पाहत होता. आपण मूळच्या इंडियन, म्हणजे तेथील आदिवासी, आजीच्या वंशातल्या, म्हणून स्वतंत्र आहोत, असे त्यांचे म्हणणे. विथ ह्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याला मोठा आधार दिला : व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यानुसार स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, तेव्हा अमुक माणूस गुलाम आहे असे जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध केले पाहिजे. हजिन्सने अपील केले. 1806 च्या नोव्हेंबरात, म्हणजे विथ वारल्यानंतर पाच महिन्यांनी, अपील न्यायालयाचा निर्णय झाला. पीठावर सेंट जॉर्ज टकर होते. विथ ह्यांचे शिष्य, अध्यासनावरील वारस, आणि 1796 साली गुलामगिरी हळूहळू कशी नष्ट करावी ह्यावर पुस्तिका लिहिणारे गृहस्थ. न्यायालयाने त्या स्त्रियांचे स्वातंत्र्य कायम केले; पण गुरूंचा आधार मात्र नाकारला. दिसण्यावरून जो गोरा किंवा इंडियन वाटतो त्याच्या बाबतीत सिद्धतेचा भार मालकावर, आणि जो आफ्रिकी वंशाचा दिसतो त्याने आपण स्वतंत्र आहोत हे स्वतःच सिद्ध करायचे, असे ठरले. हक्कांचा जाहीरनामा गुलामांच्या मालकीला धक्का लावण्यासाठी नव्हता, असे टकर ह्यांनी ठरवले. जॅकी राइट जिंकली. तिच्यामागून येऊ शकणारे हजारो लोक हरले. ह्या वेळी मात्र पुस्तक छापून उत्तर द्यायला विथ राहिले नव्हते.

विल्यम अँड मेरीच्या कायदा-महाविद्यालयाला आज मार्शल आणि विथ ह्या दोघांचे नाव आहे. लिडियाने 1807 साली राष्ट्राध्यक्ष जेफरसन ह्यांना पत्र पाठवून मदत मागितली. विषबाधेनंतर तिची दृष्टी मंदावली होती. जेफरसन ह्यांनी तिला 50 डॉलर पाठवले. तिची साक्ष मात्र कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात नाही.

मी कायदा शिकवतो, म्हणून हे चरित्र मला एका ठिकाणी थांबवते. अपील न्यायालयात साक्षीदार येत नाही. तेथे कागद बोलतो. खालच्या न्यायालयात जे नोंदले गेले त्याचे पेपर बुक तयार होते, आणि वरच्या न्यायालयातला सारा विद्वत्तापूर्ण वाद त्या पेपर बुकाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये चालतो. युक्तिवाद कितीही सुंदर असला, पीठ कितीही न्यायी असले, तरी खाली ज्याला बोलूच दिले नाही त्याचा आवाज वर पोहोचत नाही. स्वीनीची शिक्षा ज्या मुद्द्यावर फिरली तो मुद्दा कायद्याच्या दृष्टीने चुकीचा होता असे नव्हे. बाकावर बसून तो ऐकणारा विद्यार्थी बचावाच्या वकिलांचे कौतुकच करीत घरी गेला असता. त्या दिवशी त्या इमारतीत कोण नव्हते, हे त्याच्या ध्यानातही आले नसते.

आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याच्या 118 व्या कलमाने हा प्रश्न मुळातच वेगळ्या रीतीने सोडवला. ज्याला प्रश्न समजतो आणि ज्याला समजून उत्तर देता येते, तो प्रत्येक माणूस साक्ष देण्यास पात्र आहे. तेथे रंग, जात, धर्म ह्यांचे नावही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच तत्त्व 124 व्या कलमात आहे. वर्गात हे कलम आम्ही पाच मिनिटांत उरकतो, कारण त्यात कठीण असे काही नाही. लिडियाची हकीकत समजल्यावर ते पाच मिनिटांचे कलम राहत नाही.

आणि कलम असले म्हणजे सारे झाले असेही नव्हे. आपल्या सीमाभागातील न्यायालयांत साक्षीदार मराठीत बोलतो, प्रश्न कन्नडमधून येतो, वर जाणारा कागद कधी कन्नड तर कधी इंग्रजी असतो. मराठी भाषिक साक्षीदाराचे जे होते तेच दुसऱ्या तालुक्यात कन्नड भाषिकाचे होऊ शकते. म्हातारी बाई पिंजऱ्यात उभी राहून दहा वाक्ये बोलते आणि नोंद होते ती दोन वाक्यांची. ह्यात कोणाचा दुष्टपणा असतोच असे नाही. घाई असते, भाषेचे अंतर असते. पण पेपर बुकात ती दोनच वाक्ये जातात.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार आमच्या विद्यार्थ्यांना अभिरूप न्यायालयात उभे राहावे लागते, आणि एक दिवाणी व एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची वही लिहावी लागते. 2008 साली धारवाडला उच्च न्यायालयाचे पीठ सुरू झाल्यापासून अपिलांचे युक्तिवाद ऐकायला बेंगळुरूपर्यंत रात्रीचा प्रवास करण्याचीही गरज उरली नाही. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते. वह्या मी तपासतो. कोणता वकील छान बोलला, न्यायमूर्तींनी काय विचारले, कोणते निवाडे दाखवले गेले, हे सारे त्यांत असते, आणि ते असलेच पाहिजे. विथ ह्यांचे विद्यार्थीही तेच टिपत असत.

विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की, वहीत आणखी एक पान ठेवा. अपील ऐकून आल्यावर त्या प्रकरणात खालच्या न्यायालयात कोणी साक्ष दिली, ती कोणत्या भाषेत दिली, आणि ज्याला सारे ठाऊक असावे असा कोणी माणूस साक्षीला आलाच नाही असे झाले काय, हे शोधून त्या पानावर लिहा. बहुतेक वेळा ते पान कोरे राहील. ज्या दिवशी त्यावर एखादे नाव येईल, त्या दिवशी माझ्याकडे या. मग आपण त्या अपिलाबद्दल पुन्हा पहिल्यापासून बोलू.